एकशे दहा मीटरची चूक

आम्हाला वरून एक कागद आणायचा होता. तळहाताएवढा, चार घड्या घातलेला, पातळ ट्रेसिंगचा कागद! त्यासाठी तीन माणसं, नऊ दिवसांचा शिधा, साठ मीटर दोर आणि हिमनदीवरून पाच दिवसांची चढण, एवढा सगळा सरंजाम.

कागदोपत्री मी वेधशाळेची निरीक्षक. हिवाळ्याच्या तोंडाशी खिंडीतल्या आमच्या केबिनमध्ये जायचं, यंत्रांना किल्ली द्यायची, त्यांचे कागद बदलायचे आणि बर्फ कोसळायच्या आत खाली उतरायचं. हे काम मी खरंच करते आणि चांगलं करते. माझं दुसरं काम साहेबांच्या हेरखात्याचं. त्याबद्दल घरी आईलाही ठाऊक नाही.

खिंडीपलीकडच्या सरकारने डोंगराच्या पोटात बोगदे खणून तोफा दडवल्या होत्या. कुठल्या बोगद्यात किती, हे त्या कागदावर काढलेलं होतं. माझ्या आधीचा निरीक्षक तो कागद घेऊन केबिनपर्यंत आला आणि तिथेच न्यूमोनियाने त्याला गाठलं. त्याने कागद केबिनमध्ये लपवला, कसाबसा खाली उतरला, इस्पितळात साहेबांच्या कानात लपवल्याची जागा सांगितली आणि दुसऱ्या दिवशी गेला.

साहेबांना कागद हवा होता तोफांसाठी. मला हवा होता त्यावरच्या अक्षरासाठी. कारण तो काढणारी बाई म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण. अकरा वर्षांपूर्वी, सीमा उघडी होती तेव्हा, ताई लग्न होऊन पलीकडे गेली. मग सीमा मिटली आणि पत्रं थांबली. तिकडच्या नकाशाघरात नकाशांवर नावं लिहिणारी माणसं चारच, आणि त्यांत बाई ती एकटी. तिचं मोत्यासारखं अक्षर तिथला शिपाईसुद्धा ओळखेल. कागद त्यांच्या हाती लागला असता, तर ताईला दुसरा दिवस दिसला नसता.

हे साहेबांनी मला सांगायला नको होतं, पण सांगितलं. जीव पणाला लावून जाईन हे त्यांना माहीत होतं. माणूस पक्का आहे. निघताना एवढंच म्हणाले की आणता आला तर आण, नाही तर जाळ.

माझ्याबरोबर साठीचा वाटाड्या होता. त्याला सगळे वकील म्हणत. कोर्टाची पायरी तो कधी चढला नव्हता, पण जगातल्या प्रत्येक गोष्टीवर त्याची हरकत असे. बर्फ मऊ असला तरी हरकत, कडक असला तरी हरकत. मी त्याला वकीलकाका म्हणायचे. तिसरा गडी ऐन वेळी आला. वेधशाळेच्या मुख्य कचेरीतला मेकॅनिक. केबिनवरचा वायरलेसचा खांब दुरुस्त करायचा होता म्हणे. त्याच्या हुकुमावर साहेबांच्या कचेरीचा खरा शिक्का होता. माणूस उमदा, हसतमुख आणि घोड्यासारखा दणकट. सगळ्यांत जड बोचकं स्वतः उचलायचा आणि मला दर वाक्यात मॅडम म्हणायचा.

इथे आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. उंचीमापक हे सर्वांत लबाड यंत्र. खिशातल्या घड्याळाएवढी डबी, त्यात एक काटा. ते उंची मोजतच नाही, हवेचं ओझं मोजतं. वर चढावं तसं हवेचं ओझं कमी होतं आणि काटा वर सरकतो. पण वादळ यायचं असलं तरी हवेचं ओझं कमी होतं, आणि मग माणूस एका जागी बसून असला तरी काटा आपला डोंगर चढत राहतो! म्हणून रोज सकाळी, जिथली उंची नक्की ठाऊक आहे अशा जागी, काटा हाताने फिरवून खऱ्या आकड्यावर आणावा लागतो. याला आम्ही काटा लावणं म्हणतो. आमची माणसं सकाळी उठल्यावर एकमेकांच्या झोपेची चौकशी करत नाहीत. ‘काटा लावला?’ असं विचारतात. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी बायकोला हेच विचारणारा एक महाभाग आमच्या कचेरीत आहे.

मेकॅनिकने पहिल्या सकाळी विचारलं नाही. दुसऱ्या सकाळीही नाही. थकला असेल, म्हणून मी सोडून दिलं. तिसऱ्या सकाळी मी मुद्दामच काटा लावला नाही आणि डबी त्याच्यासमोर खोक्यावर ठेवली. यंत्रांत हयात घालवलेल्या माणसाचा हात आपोआप तिकडे गेला असता. त्याने चहाचा मग ठेवायला जागा हवी म्हणून डबी बाजूला सारली.

हा मेकॅनिक नव्हता.

चौथ्या दिवशी हिमनदीत भेग आडवी आली. चार मीटर रुंद, निळी, तळ न दिसणारी! तिच्यावर बर्फाचा एक पूल तगून होता. वकीलकाकांनी काठीने तो ठोकून पाहिला आणि पुलाला हरकत घेतली. पण दुसरी वाट दोन दिवसांच्या वळशाची होती, आणि आकाशात पश्चिमेला शेपट्यांसारखे पांढरे ढग उमटले होते. मी पोटावर सरपटत पलीकडे गेले. बर्फ अंगाखाली कुरकुरत होता. मग काका आले. मेकॅनिक वायरलेसची घसरगाडी दोराने ओढत शेवटी निघाला. तो मधोमध आला आणि पूल खचला! तो पुढे झेपावला, मी दोर आवळला, काकांनी माझी कंबर धरली. माणूस वाचला. वायरलेस मात्र खाली गेला, आणि तो तळाशी आदळल्याचा आवाज काही आम्हाला ऐकू आला नाही.

मेकॅनिकने माझे आभार मानले, हात जोडून मानले. मी दोराचं उरलेलं टोक गुंडाळून घेतलं. तुटलेल्या दोराचे धागे पिंजारलेले असतात. हे टोक चाकूने कापल्यासारखं साफ होतं. वायरलेस खाली जावा ही त्याचीच इच्छा होती, पूल फक्त आयता मदतीला आला.

त्या दिवशी चढावर तो मागे राहिला तेव्हा मी काकांना सगळं सांगितलं. परत फिरावं तर तो एकटा वर जाणार आणि ती चिमुकली केबिन उलटीपालटी करून कागद काढणार. म्हणून आपण आधी पोचायचं, मी कागद जाळणार, मग काय व्हायचं ते होवो. काकांनी पुढचा बर्फ काठीने ठोकून पाहिला. मग म्हणाले, “हरकत नाही.” चाळीस वर्षांत त्यांच्या तोंडून हे शब्द कुणी ऐकले नसावेत. मला उलट भीतीच वाटली.

पाचव्या दिवशी दुपारी आम्ही केबिनवर पोचलो. एक खोली, तीन फळ्यांचे पलंग, लोखंडी चूल, खिडकीशी यंत्रांचं टेबल. हवेचा दाब लिहिणारं यंत्र तिथेच होतं: काचेची पेटी, तिच्यात किल्लीवर फिरणारं पितळी नळकांडं, त्याच्यावर गुंडाळलेला आठवड्याचा कागद आणि त्यावर टेकलेलं शाईचं बारीक टोक. नळकांडं पोकळ असतं. साहेबांच्या कानात सांगितलेली जागा तीच. मी मेकॅनिकच्या देखत नवा कागद चढवला, किल्ली दिली आणि पेटी लावून टाकली. नळकांड्याच्या आत बोट घालायला दोन क्षण पुरले असते. पण तो माझ्या हातांवरून नजर काढत नव्हता. संध्याकाळभर तो वायरलेसच्या खांबाकडे फिरकलासुद्धा नाही.

पहाटे उजाडता उजाडता मी उठले. दोघंही घोरत होते. खिडकीबाहेर राखाडी धुकं आणि वाऱ्याचा घुमणारा आवाज. दाबाच्या कागदावरची रेघ रात्रभर कड्यावरून पडल्यासारखी खाली आली होती आणि तळाशी येऊन सपाट झाली होती. वादळ दाराशी होतं. मी पेटी उघडली, नळकांड्यात बोट घातलं आणि कागद बाहेर आला.

एक घडी उलगडली आणि ताई समोर उभी राहिली. तेच अक्षर! माझ्या शाळेच्या वह्यांवर नाव घालून द्यायची, तेच. अकरा वर्षांनी मी ते पाहत होते. तिथे मी चूक केली. चार सेकंद जास्त पाहत राहिले. मग चुलीचं झाकण उचललं.

“राहू दे. चुलीत नको.”

घोरणं कधी थांबलं होतं ते मला कळलंच नव्हतं. मेकॅनिक पलंगावर बसला होता, बुटांचे बंद बांधलेले, गुडघ्यावर पिस्तूल. बोलण्यातलं ‘मॅडम’ कुठल्या कुठे गेलं होतं.

त्याने कागद घेतला, निरखला आणि अक्षर कुणाचं म्हणून विचारलं. माझंच, असं मी सांगितलं. टेबलावर नोंदवही उघडी होती, तिच्यात माझ्या हातचे कोंबडीचे पाय. ते पाहून तो मनापासून हसला. मग त्याने जादा दोर मागितला. नाही, असं मी म्हणाले. त्याने पलंगाखालून तो ओढून काढला. वकीलकाकांना या कागदाचं काही माहीत नाही, त्यांना सोडून दे, अशी विनवणी मी करत होते तेवढ्यात काकांनीच चुलीतलं जळतं लाकूड उचलून त्याच्यावर धाव घेतली! मेकॅनिकने पिस्तुलाच्या मुठीने त्यांना आडवं केलं आणि त्याच दोराने पलंगाला बांधलं. गोळी घातली नाही. आवाज खाली कुठवर जाईल याची त्याला खात्री नव्हती.

“तू तोंड उघडलंस की उलट समजायचं,” तो म्हणाला, “एवढं मला कळलं.”

मलाही ते कळलं. मी ते मनात नीट ठेवून दिलं.

त्याचा बेत सरळ होता. मला घेऊन तो पलीकडे जाणार होता. तिथली माणसं मला विचारणार होती की हे अक्षर कुणाचं. पण विचारायचीही गरज पडली नसती. नकाशाघरातल्या कुणीही कागद एकदा पाहिला असता की काम झालं. ताईचा जीव आता त्या माणसाच्या छातीवरच्या खिशात होता, बटण लावून.

खिंडीतून खाली जायला दोन अंगं. एक आम्ही चढलो ते हिमनदीचं. दुसऱ्या अंगाला बर्फाची उभी घसरण, आणि त्या घसरणीला डाव्या हाताला कड्यातून दोन अरुंद पट्टे फुटतात. वरचा पट्टा तीन हजार आठशे मीटरवर. तो खांद्याला वळसा घालून सीमेपलीकडे जातो. तिथे त्याची माणसं थांबली होती. खालचा पट्टा बरोबर एकशे दहा मीटर खाली. तोही डावीकडेच जातो, पण मग खडकाच्या नाकाखालून वळून आमच्या चौकीवर येतो. दिसायला दोन्ही जुळे भाऊ: तांबडा खडक, दोन माणसांपुरती रुंदी, तोंडाशी शिळांचा ढीग. मी दोन हिवाळे तिथे बर्फ मोजत काढले होते. त्याच्या नकाशात एकच पट्टा होता, वरचा, आणि पुढे आकडा: ३८००.

त्याने खुंटीवरची डबी काढून गळ्यात अडकवली. मी ओझरतं पाहिलं. काटा चार हजार तीनशे बावीसवर होता. केबिनची उंची चार हजार दोनशे बारा. पण ते फक्त आमच्या नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहिलेलं आहे. आल्याबरोबर लावलेल्या काट्याला रात्रीच्या वादळाने एकशे दहा मीटर फुकट चढवलं होतं.

एकशे दहा! चेहरा मात्र मी पडलेलाच ठेवला.

“काटा लावायचा राहिलाय,” मी हात पुढे करत म्हणाले. “तो खोटं दाखवतोय. दे इकडे.”

त्याने माझा हात झटकला. यंत्राला हात लावलास तर बोटं मोडीन, असं शांतपणे सांगितलं. पलंगावरून काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्या म्हाताऱ्याला सगळं कळलं होतं. त्यांनी डोळे मिटून घेतले, नाही तर त्यांचा चेहराच फितूर झाला असता.

आम्ही निघालो. दोघांच्या कमरेला एकच दोर, मी पुढे, तो आठ मीटर मागे. वारा असा की वाक्य तोंडातून निघालं की उडून जावं. धुक्यात स्वतःचे बूट दिसत नव्हते. बर्फाचे बारीक खडे गालांवर बसत होते. पाऊल ठोकायचं, तोल घ्यायचा, पुढचं पाऊल ठोकायचं. एकदा माझा पाय सुटला आणि मी दहा हात घसरत गेले. दोर ताणला गेला. त्याने मला धरून ठेवलं. त्याला मी जिवंत हवी होते, आणि मला तो जिवंत हवा होता, निदान आणखी तासभर.

तो दर थोड्या वेळाने थांबून डबी पाहत होता. मी पावलं मोजत होते. मनात हिशेब चालला होता: तो वरच्या पट्ट्याच्या तोंडाशी पोचेल तेव्हा काटा तीन हजार नऊशे दहा दाखवेल. धुकं असंच राहिलं तर पट्टा त्याला दिसणारही नाही. फक्त धुकं राहू दे.

आणि नेमकं तिथेच धुकं फाटलं! डाव्या हाताला तांबडा खडक, शिळांचा ढीग, आत गेलेला अरुंद पट्टा, सगळं लख्ख समोर. जणू कुणी पडदा बाजूला करून दाखवावं.

“थांब,” तो ओरडला. “हा कुठला?”

त्याने डबी पाहिली, मग पट्टा पाहिला, मग पुन्हा डबी. मला काहीतरी बोलायलाच हवं होतं. गप्प राहिले असते तरी तो तिकडे वळला असता, खोटं बोलले असते तर कदाचित ते उमगून वळला असता. माझ्याजवळ एकच गोष्ट उरली होती, आणि ती या धंद्यात मी क्वचितच वापरते.

“हाच तो,” मी म्हणाले. घाईघाईने म्हणाले, दोन पावलं पट्ट्याकडे टाकतच. “इथेच वळायचं. काटा चुकलाय, मी केबिनमध्ये सांगितलं होतं तुला. चल लवकर, खाली गेलो तर फसू.”

एकूण एक शब्द खरा होता. त्याने विश्वास ठेवला असता तर मी माझ्या तोंडाने ताईला फासावर दिलं असतं. तो माझ्याकडे पाहत राहिला. मग त्याच्या मिशीतला बर्फ हलला. तो हसत होता.

“फार घाई झाली तुला,” तो म्हणाला. “खाली हो.”

धुकं पुन्हा मिटलं. मी खाली पावलं टाकू लागले, आणि डोळ्यांतून पाणी आलं ते वाऱ्यानेच आलं असं मी स्वतःला सांगितलं.

काट्याने तीन हजार आठशे दाखवलं तेव्हा डाव्या हाताला तांबडा खडक उभाच होता. शिळांचा ढीग, दोन माणसांपुरती रुंदी. त्याने डबीवर बोट मारून मला दाखवलं, शाळामास्तराने चुकार पोराला गणिताचं उत्तर दाखवावं तसं. मी मान खाली घातली.

पट्टा आता माझा होता. कुठे बर्फाखाली गुळगुळीत दगड आहे, कुठे कड आत खचलीय, पावलांना पाठ होतं. उजवीकडे दरी, तिच्यातून वारा वर येत होता. पाऊण तास गेला. खडकाचं नाक आलं. चौकी तिथून तीनशे पावलांवर. त्याने दोन बोटं तोंडात घालून लांब शीळ घातली आणि उत्तरासाठी थांबला. उत्तर आलं नाही. वाऱ्यामुळे ऐकू गेली नसेल, असं तो बहुधा समजला. पुन्हा शीळ. पुन्हा काही नाही.

नाकापलीकडे, वाटेच्या मधोमध, बर्फ मोजायची काठी उभी होती. तांबडे-पांढरे पट्टे, आणि त्यांवर आमच्या लिपीतले आकडे. मागच्या हिवाळ्यात मीच रंगवलेले!

मी तिला अंगाने झाकत पुढे सरले, पण माझं अंग ते केवढं. मागचे बूट थांबले. मी वळले. तो काठीकडे पाहत होता. मग त्याने डबीकडे पाहिलं, आणि त्याच्या तोंडावरचा सगळा रंग उतरला. त्याने दातांनी उजव्या हाताचा मोजा ओढून काढला आणि हात कोटाच्या खिशात घातला.

मोजा काढायला जेवढा वेळ लागतो तेवढाच मला मिळाला.

मी दरीत उडी मारली!

आधी काहीच नव्हतं, फक्त पोकळ हवा. मग कमरेत असा हिसका बसला की श्वासच तुटला. वर धाडकन आवाज झाला. गोळी सुटली, कुठे गेली देव जाणे. दोर कडेवरून करकरत सरकला, मी आणखी हातभर खाली, आणखी हातभर, आणि थांबले. डोक्यावर तीन-चार माणसांइतक्या उंचीवर पट्ट्याची कड होती आणि कडेबाहेर त्याचं डोकं आणि खांदे आले होते. तो पालथा पडला होता. दोन्ही हातांनी त्याने बर्फाची कुऱ्हाड मागे जमिनीत रुतवून धरली होती. पिस्तूल माझ्या शेजारून केव्हाच खाली गेलं होतं.

त्याच्या कमरपट्ट्याला चाकू होता. पण चाकू काढायला एक हात सोडावा लागला असता, आणि एका हाताने माझं वजन पेललं नसतं. आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत राहिलो.

मी तेव्हा शांत होते, हे खरं सांगते. तो सुटला असता तर दोघं गेलो असतो, आणि त्याच्या खिशातला कागदही आमच्याबरोबर गेला असता. ताई वाचली होती. वाचणार की नाही हा प्रश्न आता फक्त आमचा होता.

“काटा खरंच चुकला होता?” त्याने दातांतून विचारलं.

“सांगितलं होतं की तुला. दोनदा.”

कुऱ्हाड एक बोटभर सरकली. मग आणखी. मी डोळे मिटले आणि आईला आठवलं. तेवढ्यात वरून कुत्र्याचं भुंकणं आलं आणि बुटांचा आवाज. गोळी ऐकून चौकीची माणसं धावली होती. आधी त्यांनी त्याचे पाय धरले, मग दोर, मग मला वर घेतलं. हवालदार मला ओळखत होता. वेधशाळेच्या बाई अशा वादळात कधी येतात का, असं तो पुनःपुन्हा म्हणत होता, आणि मी पट्ट्यावर बसून हसत होते की रडत होते ते मला सांगता येणार नाही.

मेकॅनिकला कोठीत घातलं. त्याच्या खिशातला कागद हवालदाराने मला न उलगडता दिला. काकांसाठी केबिनवर माणसं पाठवायची तयारी चालू होती, तोच काका स्वतःच दारात उभे राहिले! पलंगासकट चुलीशी सरकून, दोर तिच्या तापलेल्या कडेवर घासून त्यांनी तोडला होता आणि आमच्या पावलांच्या खुणा धरून त्या वादळात खाली आले होते. कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ. मनगटं पोळलेली. आल्या आल्या त्यांनी चौकीतल्या चहाला हरकत घेतली. मी त्यांच्या गळ्यात पडले, त्याला मात्र त्यांनी हरकत घेतली नाही.

मग मी हवालदाराची लहान खोली मागून घेतली आणि दार लावलं.

एक गोष्ट उघड होती. मेकॅनिकच्या हुकुमावरचा शिक्का खरा होता. म्हणजे साहेबांच्या कचेरीत तो मारणारा हातही होता, आणि तो कुणाचा ते अजून कुणाला ठाऊक नव्हतं. ताईच्या अक्षरातला कागद त्या कचेरीत नेणं म्हणजे तो सीमेपलीकडे टपालाने पाठवण्यासारखं होतं. पाच दिवस ज्याच्यासाठी जीव टांगला, तो कागद खाली नेता येणार नव्हता.

मी हवालदाराच्या वहीतलं पान फाडलं आणि सगळं उतरवून घेतलं. बोगदा, तोफा, उंची, अंतर. माझ्या कोंबडीच्या पायांत. दोनदा ताडून पाहिलं. मग मूळ कागद हातात घेऊन बसले. एक कोपरा फाडून ठेवावा असं वाटलं. नखाएवढा. एकच अक्षर. कुणाला कळणार होतं? मी तो कोपरा बोटांत धरला, सोडला, पुन्हा धरला. आई विचारते कधीमधी, ताईचं काही कळलं का ग. तिला नुसतं दाखवता आलं असतं.

चुलीत टाकल्यावर तो पातळ कागद एका श्वासात गेला. मी मनसोक्त रडले. मग तोंड धुऊन बाहेर आले.

साहेबांनी माझं पान पाहिलं आणि मूळ कुठे म्हणून विचारलं. दरीत पडलं, असं मी सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला आणि अहवालात तसंच लिहिलं.

त्या हिवाळ्यात पलीकडून काहीच आलं नाही. ताई जिवंत आहे की नाही हे कळायला मार्ग नव्हता. मेकॅनिक तोंड उघडत नव्हता आणि शिक्का मारणारा सापडत नव्हता. बर्फ वितळू लागला तेव्हा एका दुपारी साहेबांनी मला बोलावलं, खोलीचं दार आतून लावलं आणि दुसऱ्या वाटेने आलेलं एक पाकीट न फोडता माझ्यासमोर सरकवलं. मी ते फोडलं.

आत ट्रेसिंगचा कागद होता, चार घड्यांचा. नवे बोगदे. ओळ कुठे वाकलेली नाही, अक्षराला अक्षर टेकलेलं नाही.

साहेबांनी टेबलावरची काडेपेटी माझ्याजवळ आणून ठेवली आणि ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मी तो कागद एकदा सावकाश, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वाचला, पेन्सिलीला टोक केलं आणि उतरवायला बसले.